डाव्या दाराची रेघ

लिब्राताबायची एस्टीम माझ्या शेडमध्ये आली
तेव्हा ती लाल नव्हती.
सत्त्याण्णवचं मॉडेल, आरसी बुकात लाल लिहिलेलं,
पण टपावर, बॉनेटवर
शंभरदा धुतलेल्या परकरासारखी गुलाबी पडलेली.

कुडचड्यात कुठल्याही गाडीला बोट लावा,
बोटाला खाण लागते.
खाणी बंद होत्या तेव्हाही लागायची.
सोयरूने दोन बादल्यांनी धुतली.
मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवला:
खरखर, जाड्या रव्यासारखी.
क्लेची वडी घासली, वडी विटेच्या रंगाची झाली.
दुसरी घेतली. तीही.
टपावर काजूच्या बोंडांचे चट्टे,
कितीतरी एप्रिलांचे, एकावर एक.

मग दिवा लावला.
दिव्याखाली प्रत्येक गाडी कबुली देते.
ही कोळिष्टकं फडक्याची, कोरडं फडकं मारणाऱ्यांची.
ही मांजराची, उतरताना घसरलेल्या.
हँडलमागच्या खळग्यात नखांचे ओरखडे
आणि अंगठीचा एक, खोल.
(नवरा तारवटी. सहा महिने बोटीवर,
सहा महिने ह्या गाडीत.)
आणि डावीकडे, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत
एकच रेघ. चावीची.
सरळ. कुठेही हात हललेला नाही.

"ही कुणी?"
"कायतानान," ती म्हणाली.
दिराचं नाव असं घेतलं
जसा कुणी बांगड्यांचा भाव सांगावा.
"केप्यात केस चालू आहे, पुता. कुंपणाची.
वकील म्हणतो, रेघ म्हणजे पुरावा.
बाकी सगळं लख्ख कर. ती ठेव.
अकरा तारखेला दाखवायची आहे."

लोकांना वाटतं आम्ही ओरखडा भरतो.
भरत नाही.
त्याच्या भोवतालचं सगळं
त्याच्याइतकं खाली आणतो,
एकेक मायक्रॉन.
मीटर म्हणाला एकशे दहा, दारावर नव्वद,
बॉनेटच्या कडेला पासष्ट. तिथं मशीन नको,
तिथं हातानं, श्वास धरून.
जुना रंग, वर काचेसारखा थर नाही,
पॅड फिरलं की गाडीचा स्वतःचाच रंग पॅडवर येतो.
पहिलं पॅड गुलाबी, दुसरं डाळिंबी,
तिसऱ्याला सोयरू म्हणाला,
"उस्ताद, रक्त येतंय."

डाव्या बाजूला रेघेच्या वर टेप, रेघेच्या खाली टेप,
बोटभर पट्टा सोडून काम केलं.
रबर मास्क केलंय, क्रोम मास्क केलंय,
नंबरप्लेटीवरचा सेंट अँथनी मास्क केलाय.
कुणाचं भांडण मास्क करायची ही पहिली वेळ.

तिसऱ्या दिवशी टेप सोलली.
लाल. शोरूमबाहेर पहिल्यांदा ऊन लागलं असेल
तेव्हाचं लाल.
शेडचे पत्रे, समोरचा माड, सोयरूचे दात,
सगळं दारात दिसत होतं.
आणि जी रेघ गुलाबीत जेमतेम कळायची
ती आता त्या माडाला मधोमध कापत,
राखी, प्रायमरपर्यंत उघडी,
रस्त्यापलीकडच्या पोदेराच्या दुकानातूनही वाचता येईल अशी.

संध्याकाळी एक म्हातारा आला.
स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली नाही.
गाडीभोवती फिरलाच नाही, नेमका डावीकडे गेला.
"ही रेग वतली?" त्यानं विचारलं. "पयशे हांव दितां."

मी नाव विचारलं नाही.
म्हटलं, नख फिरवून बघा.
सटकलं तर निघते.
अडकलं तर माझ्या हातात काही नाही.

स्कूटर सोयरूकडे दिली.
वाकला. अंगठ्याचं पिवळं नख
पुढच्या दारापाशी टेकवलं
आणि निघाला मागच्या दिव्याकडे,
हळू,
ह्या खेपेला हात थरथरत होता.

मागच्या दाराच्या मध्यावर थांबला.
"अडकता," म्हणाला.

मी दिवा मालवला.
सोयरूनं बादल्या उपड्या घातल्या.
स्कूटर चालू व्हायला
चार किका लागल्या.